आचार्यसम्राट आनंदऋषीजी म. सा. आणि पाथर्डीचे धार्मिक परीक्षा बोर्ड

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गर्भगिरीच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेले पाथर्डी हे तालुक्याचे गाव. हा पर्जन्यछायेचा, वारंवार दुष्काळ सोसणारा प्रदेश. मढीचे कानिफनाथ आणि मोहट्याची देवी यांच्या दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंमुळे महाराष्ट्राला हा तालुका परिचित आहे. परंतु स्थानकवासी जैन समाजात पाथर्डीचे नाव आणखी एका कारणाने दूरवर पोहोचले. महाराष्ट्राबाहेरच्या राजस्थानसारख्या प्रांतांतील साधु-साध्वींच्या चरित्रांतही पाथर्डी बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख आदराने केलेला आढळतो. एका लहानशा गावाला हा मान मिळवून देण्यामागे ज्या महापुरुषाची प्रेरणा होती, ते म्हणजे राष्ट्रसंत आचार्यसम्राट श्री आनंदऋषीजी महाराज साहेब. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाचे व त्यांच्या या ज्ञानकार्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

चिचोंडीचा नेमिचंद

पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी या गावी जुलै १९०० मध्ये, श्रावण शुद्ध प्रतिपदेला, गुगळे कुटुंबात आचार्यश्रींचा जन्म झाला. पित्याचे नाव देवीचंदजी व मातेचे नाव हुलासाबाई. बालकाचे नाव नेमिचंद ठेवण्यात आले. उत्तमचंद हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. नेमिचंद लहान असतानाच पितृछत्र हरपले आणि संसाराचा व संस्कारांचा सारा भार मातेवर येऊन पडला.

त्या काळातील खेडोपाडीच्या जैन कुटुंबांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मारवाडातून व्यापारानिमित्त येऊन ही कुटुंबे दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली होती. घरात मारवाडी, दुकानात व शाळेत मराठी आणि धर्मसूत्रांत अर्धमागधी, अशा तीन भाषांतून बालकाचे जीवन वाहत असे. पहिल्या दोन भाषा व्यवहाराने आपोआप येत. तिसरी मात्र शिकविणारा कोणी भेटला तरच येई. गावात साधु-साध्वींचे आगमन झाले म्हणजे चार दिवस धर्मचर्चा होई, मुले नवकार व सामायिकाचे पाठ म्हणू लागत. विहार करून संत पुढे गेले की ते पाठ पुन्हा मागे पडत. पाठांतर असले तरी अर्थाचे ज्ञान विरळाच असे.

नेमिचंदाचे भाग्य असे की त्यास गुरू लाभले. ऋषी संप्रदायातील पूज्य श्री रत्नऋषीजी महाराज त्या परिसरात विचरत होते. मातेच्या प्रेरणेने बालक त्यांच्याजवळ प्रतिक्रमण शिकू लागला. शिकता शिकता वैराग्याचे बीज अंकुरले आणि वयाच्या तेराव्या वर्षी त्याने संयममार्ग स्वीकारण्याचा निश्चय केला. पतिनिधनाचे दुःख सोसलेल्या मातेला आपल्या धाकट्या पुत्राचाही वियोग पत्करावा लागणार होता. तरीही तिने अनुमती दिली. १९१३ मध्ये मार्गशीर्ष शुद्ध नवमीला मिरी या गावी दीक्षाविधी संपन्न झाला आणि नेमिचंदाचे आनंदऋषी झाले.

गुरुपरंपरेचा वारसा

आनंदऋषीजींना लाभलेली परंपरा ज्ञानाची होती. रत्नऋषीजींचे गुरू पूज्यपाद श्री तिलोकऋषीजी महाराज हे आशुकवी म्हणून विख्यात होते. रतलाम येथे जन्मलेल्या या संतांनी दक्षिणेत येऊन स्थानकवासी परंपरेचा प्रसार केला आणि १८८३ मध्ये अहमदनगर येथे देह ठेवला. अवघ्या छत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल काव्यरचना केली. गुरूंच्या अकाली वियोगानंतर रत्नऋषीजींनी तोच वारसा पुढे चालविला. पाथर्डी येथे तिलोकऋषीजींच्या नावाने शिक्षणकार्य सुरू झाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती.

शिष्याच्या अध्ययनाविषयी रत्नऋषीजी अत्यंत दक्ष होते. पंडित राजधारी त्रिपाठी यांच्याजवळ आनंदऋषीजींचे संस्कृतचे अध्ययन झाले. जैन मुनीने ब्राह्मण पंडिताकडून व्याकरण शिकावे, यात गुरूंना कोणताही संकोच वाटला नाही. ज्ञान जेथे असेल तेथून विनयपूर्वक ग्रहण करावे, ही दृष्टी आनंदऋषीजींना तेथेच मिळाली. पुढे संस्कृत व प्राकृताबरोबरच मराठी, हिंदी, गुजराती आदी अनेक भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. १९२० मध्ये अहमदनगर येथे त्यांनी आपले पहिले प्रवचन दिले.

१९२७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील अलीपूर येथे रत्नऋषीजींचा स्वर्गवास झाला. चौदा वर्षे ज्यांच्या छायेत काढली ते गुरू नाहीसे झाले. त्या वर्षीचा चातुर्मास आनंदऋषीजींनी जवळच्याच हिंगणघाट येथे गुरूंविना केला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. गुरूंचे स्मारक उभारावे, ही कोणत्याही शिष्याची स्वाभाविक इच्छा. आनंदऋषीजींच्या मनातील स्मारक मात्र दगड-विटांचे नव्हते.

बोर्डाची स्थापना

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. तिलोकऋषीजी व रत्नऋषीजी या दोन्ही पूर्वगुरूंची नावे त्यात गुंफलेली आहेत. समाजात मात्र ते पाथर्डी बोर्ड या सुटसुटीत नावानेच रूढ झाले.

स्थापनेचा तो काळ मोठा सूचक होता. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्या वेळी व्हर्नाक्युलर फायनल व मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक या परीक्षा होत्या आणि नोकरी-व्यवसायाची दारे त्यांच्याच किल्ल्यांनी उघडत. महाराष्ट्र राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले, म्हणजे पाथर्डीच्या बोर्डानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. दुसरीकडे लोकांनी स्वतःच्या बळावर चालविलेल्या परीक्षांचाही तो काळ होता. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षा देशभर रुजल्या होत्या. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समितीही १९३६ मध्येच स्थापन झाली. सरकारी शाळेत जे शिकविले जात नाही ते समाजाने स्वतः शिकवावे, त्याचा अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी व प्रमाणपत्र द्यावे, हा विचार त्या काळाने मान्य केलेला होता. आनंदऋषीजींनी तो धर्मशिक्षणाला लागू केला.

त्याच वर्षी स्थानकवासी समाजावर एक आघात झाला. ऋषी संप्रदायाचे आचार्य पूज्य श्री अमोलकऋषीजी महाराज १९३६ मध्ये धुळे येथे स्वर्गवासी झाले. बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करण्याचे अजोड कार्य त्यांनी केले होते. शास्त्रे छापून झाली होती, भाषाही सुबोध झाली होती. आता ती शास्त्रे वाचणारे वाचक घडविणे आवश्यक होते.

परीक्षा कशासाठी?

धर्माची परीक्षा घेता येते का, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज उभा राहील. धर्म हा आत्म्याचा विषय. त्याला गुण कसे द्यावेत? प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्याने कर्मनिर्जरा होते काय? ही शंका क्षुल्लक नाही आणि जैन परंपरेने तिचा विचार फार पूर्वीच केलेला आहे.

साधूने समभावाने सहन करावयाच्या बावीस परीषहांत प्रज्ञा परीषह व अज्ञान परीषह असे दोन परीषह सांगितले आहेत. ज्ञान प्राप्त झाल्याचा गर्व होऊ न देणे हा एक आणि प्रयत्न करूनही ज्ञान होत नाही म्हणून खचून न जाणे हा दुसरा. उत्तीर्ण झालेल्याचा अहंकार आणि अनुत्तीर्णाची निराशा, परीक्षेतील हे दोन्ही धोके शास्त्रकारांनी जणू आधीच ओळखून ठेवले होते. त्यावर त्यांनी अध्ययन सोडण्याचा उपाय सांगितला नाही. समभावाने अध्ययन चालू ठेवण्याचाच सांगितला.

स्वाध्यायाचे पाच प्रकार तर प्रत्येक श्रावकास ज्ञात आहेत. वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. यांतील पृच्छना म्हणजे प्रश्न विचारणे, शंका दूर करून घेणे आणि परिवर्तना म्हणजे उजळणी. गावोगावच्या धर्मशिक्षणात वाचना होती आणि धर्मकथाही होती. प्रश्न आणि उजळणी मात्र लोप पावत चालली होती. परीक्षेमुळे या दोन्ही गोष्टी पुन्हा नियमाने होऊ लागल्या. प्रश्नाला सामोरे जावयाचे आहे हे ठाऊक असले म्हणजे पच्चीस बोलांचा थोकडा नुसता म्हणून भागत नाही, तो समजून घ्यावा लागतो.

जैन इतिहासाची एक वेदनाही या कार्यामागे उभी होती. भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके केवळ स्मरणात जतन केली गेली. बारा वर्षांच्या भीषण दुष्काळात श्रुतधर साधू काळाच्या उदरात गेले आणि त्यांच्याबरोबर श्रुतही क्षीण झाले. श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वल्लभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथबद्ध झाले, तोवर दृष्टिवादासारखे बारावे अंग हातचे गेले होते. ज्ञान मूठभरांच्या कंठात राहिले तर एका दुष्काळाने त्याची हानी होते. ते घराघरांत पसरले तर ते टिकते. दुष्काळी मुलुखातील एका गावाचे नाव या बोर्डाला लाभावे, हा योगही अर्थपूर्णच म्हणावा लागेल.

सर्वांसाठी खुले द्वार

बोर्डाच्या परीक्षांची रचना पायरीपायरीची होती. प्रारंभिक परीक्षांपासून वर चढत जैन सिद्धांत विशारद, प्रभाकर, शास्त्री आणि शेवटी जैन सिद्धांताचार्य येथवर अभ्यासक जाऊ शकत असे. पाठशाळेतील बालक आणि आगमांचे सखोल अध्ययन करणारे साधक एकाच शिडीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे राहिले.

या परीक्षांना श्रावक-श्राविकांप्रमाणेच साधु-साध्वीही बसत. ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु मुलींना चार इयत्ता शिकविणेही अनेक घरांत अनावश्यक समजले जाणाऱ्या त्या काळात साध्वींनी प्राकृत व संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास करून सिद्धांताचार्य व्हावे, हे मोठेच परिवर्तन होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास लिहिणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, श्रीमंत की गरीब, यांच्याशी कर्तव्य नसते. त्यास उत्तर पाहावयाचे असते. चतुर्विध संघाची जी कल्पना तीर्थंकरांनी मांडली, तिची एक छोटी प्रतिमा परीक्षेच्या वर्गात साकार झाली.

या कार्याला इतर उपक्रमांचीही जोड मिळाली. पाथर्डीचे श्री रत्न जैन पुस्तकालय, साधु-साध्वींच्या अध्ययनासाठी चालविलेल्या सिद्धांतशाळा, प्राकृत भाषेच्या प्रचाराचे प्रयत्न आणि पुढे पुण्यातील सन्मती तीर्थ, या सर्वांमागे आचार्यश्रींची प्रेरणा होती. परीक्षेसाठी पुस्तक हवे, पुस्तकासाठी ग्रंथालय हवे, ग्रंथ समजण्यासाठी भाषा हवी आणि भाषा शिकविण्यासाठी अध्यापक हवा, ही साखळी त्यांनी पूर्णपणे ओळखली होती.

संस्थापक, पण स्वामी नव्हे

येथे एक बाब विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. जैन साधू पैशाला स्पर्श करीत नाही, वाहनाने प्रवास करीत नाही, चातुर्मासाचे चार महिने वगळता एका ठिकाणी स्थायिक होत नाही. ज्यास स्वतःचे घर नाही त्याने कार्यालय कसे चालवावे? ज्यास द्रव्य वर्ज्य, त्याने छपाईचा खर्च कसा करावा? आनंदऋषीजी बोर्डाचे प्रेरणास्थान होते. परंतु त्याचे मालक, व्यवस्थापक किंवा कोषाध्यक्ष ते कधीही होऊ शकत नव्हते. ते कार्य श्रावकांनाच करावे लागले. प्रश्नपत्रिका छापणे, त्या ठिकठिकाणच्या केंद्रांवर पोहोचविणे, उत्तरपत्रिका तपासून घेणे, निकाल लावणे, हिशेब ठेवणे, ही सारी नीरस व कष्टाची कामे समाजातील कार्यकर्त्यांनी व अध्यापकांनी सांभाळली.

आचार्यश्रींनी केले ते असे की ते चालत राहिले. गावोगावी पायी विहार करावा, स्थानकात प्रवचन द्यावे, पाठशाळेची चौकशी करावी, मुलांना अध्ययनाची प्रेरणा द्यावी आणि पुढच्या गावी जावे. पूर्वी संत पुढे गेले की मागे पाठांचा विसर पडत असे. आता संत पुढे गेले तरी मागे अभ्यासक्रम राहत होता. चिचोंडीच्या नेमिचंदास जे केवळ भाग्याने लाभले, ते इतर बालकांना व्यवस्थेने लाभावे, हेच या साऱ्या खटाटोपाचे सार होते.

पदत्याग आणि एकता

आनंदऋषीजी पुढे ऋषी संप्रदायाचे आचार्य झाले. १९५२ मध्ये अक्षय तृतीयेच्या सुमारास राजस्थानातील सादडी येथे ऐतिहासिक साधु संमेलन भरले. अनेक स्वतंत्र संप्रदायांत विभागलेल्या स्थानकवासी समाजाने एका आचार्यांच्या आज्ञेत यावे, असा संकल्प तेथे झाला. त्यासाठी निरनिराळ्या संप्रदायांच्या आचार्यांनी आपापली पदे विसर्जित केली. आनंदऋषीजींनीही आपले आचार्यपद सोडले आणि लुधियानाचे पूज्य श्री आत्मारामजी महाराज नव्या श्रमण संघाचे प्रथम आचार्य झाले. आनंदऋषीजींकडे प्रधानमंत्रिपदाची धुरा सोपविण्यात आली.

निरनिराळ्या गुरूंच्या शिष्यांनी एकाच अभ्यासक्रमाचे अध्ययन करणे आणि निरनिराळ्या संप्रदायांनी एका संघात येणे, या दोन गोष्टी एकमेकींना पूरकच होत्या. मतभेदांची धार अज्ञानामुळे वाढते. मूळ शास्त्र सर्वांनी वाचले म्हणजे आपल्यात समान काय आहे हे आधी दिसू लागते.

१९६२ मध्ये आचार्य आत्मारामजींचा स्वर्गवास झाला आणि १९६४ मध्ये अजमेर येथे आनंदऋषीजी श्रमण संघाचे द्वितीय आचार्य झाले. सोडलेल्या पदाहून मोठे पद न मागता त्यांच्याकडे चालत आले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे त्यांनी संघाचे नेतृत्व केले. या काळात उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंत त्यांचा विहार झाला. १९७५ मध्ये पुण्यात त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविण्यात आले. १९८७ मध्ये पुण्यातील साधु संमेलनात श्री देवेंद्रमुनीजी यांना उपाचार्य व श्री शिवमुनीजी यांना युवाचार्य घोषित करून त्यांनी संघाची पुढील व्यवस्थाही वेळीच लावून दिली. आपल्या पश्चात वाद राहू नये, ही दूरदृष्टी त्यामागे होती.

महाप्रयाण

वृद्धापकाळी आचार्यश्रींचा निवास अहमदनगर येथे होता. ज्या जिल्ह्यात जन्म, त्याच जिल्ह्यात दीक्षा आणि तेथेच २८ मार्च १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला. जवळजवळ ब्याण्णव वर्षांच्या आयुष्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांनी संयमाची साधना केली. त्यांच्या नावाने अहमदनगर येथे उभे राहिलेले रुग्णालय जातिधर्माचा भेद न करता रुग्णसेवा करीत आहे. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.

त्यांच्या स्मारकांची गणना करताना रुग्णालय व समाधिस्थान डोळ्यांसमोर येते. परंतु ज्या घरांतील जुन्या पेटीत आजीचे किंवा आजोबांचे पिवळे पडलेले परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले आहे, त्या घरांतही त्यांचे एक स्मारक आहे.

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आचार्यश्रींच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्टपणे समोर येते. संत प्रेरणा देतात आणि पुढे जातात. संस्था श्रावकांनाच चालवावी लागते. इमारत बांधणे त्यामानाने सोपे असते, कारण ती एकदाच बांधावी लागते. पाठशाळा दररोज भरवावी लागते. आज मुलांच्या शालेय परीक्षांच्या धावपळीत धर्मशिक्षणाचा तास सर्वप्रथम रद्द होतो, हे वास्तव प्रत्येक पालकास ठाऊक आहे. साधनांची आज वाण नाही. उणीव आहे ती शेजारी बसून मुलास प्रश्न विचारणाऱ्या, त्याचे उत्तर ऐकून घेणाऱ्या मोठ्या माणसाची. हुलासाबाईंनी आपल्या पुत्रास प्रतिक्रमण शिकण्यास पाठविले, तेव्हा त्यांच्याजवळ ना धन होते ना आधार. एका मातेच्या त्या आग्रहातूनच एक आचार्य घडला आणि त्यांच्या प्रेरणेतून सहस्रावधी अभ्यासक घडले.

सुवर्णमहोत्सवाच्या दीपप्रज्वलनाबरोबर आपल्या पाठशाळेचा दीपही तेवत राहो, हीच पूज्य आचार्यश्रींच्या चरणी विनम्र भावांजली.